विश्लेषणात्मक डेटाबेसचे स्वयंचलित प्रशासन : 'मॅक्सएल' आज्ञाभाषेची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीकरणाच्या चर्चेत माहिती साठविण्याच्या तंत्राचा जेवढा विचार होतो, तेवढा त्या माहितीच्या दैनंदिन देखभालीचा होत नाही. वस्तुतः अहवालातील आकड्यांची विश्वासार्हता बव्हंशी या देखभालीवरच अवलंबून असते. 'एसबेस' या बहुमितीय डेटाबेसच्या प्रशासनासाठी वापरल्या जाणाऱ्या 'मॅक्सएल' या आज्ञाभाषेचे गुणदोष तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
एसबेस हे मूळचे आर्बर सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचे उत्पादन. रिलेशनल प्रारूपाचे जनक ई. एफ. कॉड यांनी १९९३ साली याच कंपनीसाठी सहलेखकांसह लिहिलेल्या निबंधातून 'ओलॅप' ही संज्ञा रूढ झाली. १९९८ मध्ये आर्बर व हायपेरिअन या कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि २००७ मध्ये हायपेरिअन ओरॅकलच्या ताब्यात गेली.

व्यवहार नोंदविणारा डेटाबेस एकेक पावती जपतो. बहुमितीय डेटाबेस त्याच विक्रीची मांडणी वर्ष, बाजारपेठ, उत्पादन अशा मितींवर करतो. त्यामुळे नवी माहिती आली की जुने आकडे पुसणे, नवे भरणे आणि बेरजा करणे ही कामे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा करावी लागतात. हा क्रम एका स्क्रिप्टमध्ये लिहून ती कमांड लाइनवरून नेमलेल्या वेळी चालविणे, हेच येथील स्वयंचलन होय.

भाषेचे गुण :
मॅक्सएलपूर्वीच्या 'ईएसएससीएमडी' या साधनात आज्ञेपुढे सांकेतिक अंक क्रमाने द्यावे लागत. कोणता अंक कशासाठी, हे पुस्तिका उघडल्याशिवाय समजत नसे. मॅक्सएलची विधाने एसक्यूएलप्रमाणे वाक्यवजा आहेत. 'इम्पोर्ट डेटाबेस', 'एक्झिक्यूट कॅल्क्युलेशन' ही विधाने दुसऱ्या प्रशासकालाही वाचता येतात. 'स्पूल' या आज्ञेने प्रत्येक विधानाचा निकाल फाइलमध्ये नोंदविता येतो, तर स्क्रिप्टमधील पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवण्याचीही सोय आहे. म्हणजेच स्क्रिप्ट हा कामाचा लेखी व तपासण्याजोगा दस्तऐवज ठरतो, हे या भाषेचे मोठे श्रेय.

मर्यादा :
तथापि सुवाच्यता म्हणजे सुरक्षितता नव्हे. एखादे विधान अयशस्वी झाले, तरी 'इफएरर' ही तपासणी लिहिलेली नसल्यास पुढची विधाने चालूच राहतात. समजा, 'रिसेट डेटा' या विधानाने जुने आकडे पुसले गेले आणि माहितीची फाइल वेळेवर न आल्याने आयात फसली. तरीही गणना होईल आणि सकाळी अहवाल रिकामा दिसेल. ही चूक निदान लगेच लक्षात येते.

अधिक घातक प्रकार अंशतः झालेल्या आयातीचा. नव्या उत्पादनाचे नाव डेटाबेसच्या आराखड्यात घातलेले नसेल, तर त्याच्या नोंदी नाकारल्या जातात. अशा नोंदी वेगळ्या फाइलमध्ये लिहून उर्वरित आयात पुढे नेण्याची मुभा मॅक्सएल देते. ती फाइल कोणी उघडलीच नाही, तर एकूण विक्री कमी दिसते; पण आकडा विश्वसनीय वाटत राहतो. त्यावर आधारलेला निर्णय चुकीचा ठरला, तरी त्याचे मूळ रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

दुसरी मर्यादा रचनेची. त्रुटी आढळल्यास ठरलेल्या खुणेकडे उडी घेणे, यापलीकडे मॅक्सएलमध्ये अटींची वा पुनरावृत्तीची सोय नाही. फाइल आली आहे का, नाकारलेल्या नोंदी किती, हे पाहण्यासाठी युनिक्स शेल किंवा विंडोजच्या बॅच फाइलचा आधार घ्यावा लागतो. परिणामी प्रशासनाचे तर्कशास्त्र दोन भाषांत विभागले जाते आणि दस्तऐवज म्हणून स्क्रिप्टचे असलेले मूल्य काही अंशी उणावते.

निष्कर्ष :
मॅक्सएलने प्रशासकाचे श्रम कमी केले, जबाबदारी मात्र कमी केली नाही. ती काम करण्याच्या क्षणाकडून स्क्रिप्ट लिहिण्याच्या क्षणाकडे नेली. हाताने काम करणारा माणूस शंका येताच थांबतो. स्क्रिप्टला शंका येत नाही. ती आधीच लिहून ठेवावी लागते. म्हणून स्क्रिप्टचे मूल्यमापन तिने वाचविलेल्या वेळावरून न करता, ती कोठे थांबते आणि थांबल्याचे कोणाला कळविते, यावरून करणे अधिक उचित ठरेल. डेटाबेस प्रशासनाच्या अध्यापनातही आज्ञांच्या पाठांतरापेक्षा या विवेकाला अग्रस्थान मिळणे आवश्यक आहे.