बार्थ यांचा मल्ल आणि झेन्जोची नायिका

रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (1957) या ग्रंथात व्यावसायिक कुस्तीचे जे विवेचन केले आहे, ते चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ही कुस्ती म्हणजे क्रीडा नव्हे, तर एक दृश्यप्रयोग आहे. कोण जिंकतो याला तेथे फारसे महत्त्व नसून वेदना, पराभव आणि न्याय यांची चिन्हे प्रेक्षकाला निःसंदिग्धपणे वाचता येणे महत्त्वाचे असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. निबंधाच्या अखेरीस बार्थ आणखी एक निरीक्षण नोंदवतात. क्षणापूर्वी नैतिक संतापाने झपाटलेला, देवतुल्य भासणारा मल्ल खेळ संपल्यावर हातात लहानशी पेटी घेऊन, पत्नीसमवेत, अनोळखी माणसासारखा निघून जातो. या निरीक्षणाकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः बार्थ यांना अभिप्रेत असलेली चिन्हाची पारदर्शकता या घरी परतण्यावरच उभी आहे. ज्यांना अशी परतीची वाट सहजी उपलब्ध नव्हती, अशा मल्लांचा विचार केला म्हणजे या सिद्धान्ताची मर्यादा ध्यानात येते.

'ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग' ही संस्था मात्सुनागा बंधूंनी 1968 मध्ये स्थापन केली. 'झेन्जो' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाई. 2005 मध्ये ती बंद पडली. तिच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणजे प्रेक्षकवर्गात झालेला पालट. जॅकी सातो आणि माकी उएदा यांची 'ब्यूटी पेअर' ही जोडी 1976 मध्ये उदयाला आली. या दोघी कुस्ती खेळत आणि गातही असत. त्यांच्यामुळे, आणि ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो व लायनेस आसुका यांच्या 'क्रश गॅल्स'मुळे, पुरुष प्रेक्षकांची जागा शाळकरी मुलींनी घेतली. स्त्रीदेह हा पुरुषाच्या दृष्टीसाठीच मांडला जातो, हे लॉरा मल्व्ही यांनी चित्रपटाच्या संदर्भात मांडलेले सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पाहणाऱ्या मुली होत्या, आणि स्वतःच्या देहाला काय शक्य आहे हे त्या पाहत होत्या.

परंतु ज्या व्यवस्थेत हे पाहणे घडत होते, तिचे नियम पुरुषांनी केलेले होते. मद्य, तंबाखू आणि पुरुषाशी प्रेमसंबंध या तीन गोष्टींना मल्लांना मनाई होती, आणि साधारण पंचविसाव्या वर्षी निवृत्त व्हावे असा दंडक होता. 1979 मध्ये बुदोकान येथे सातो आणि उएदा यांच्यात जी लढत झाली, तिची अट अशी होती की हरणारीने निवृत्ती पत्करावी. उएदा हरल्या आणि निवृत्त झाल्या. शिवाय झेन्जोच्या काही लढतींत सगळा खेळ ठरवून होत असला, तरी प्रतिस्पर्धिनीला खांद्यांवर दाबून धरण्याची शेवटची झटापट खरीच असे, हे तेथील मल्लांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे 'कोण जिंकते याला महत्त्व नाही' हे बार्थ यांचे गृहीतक येथे डळमळते.

28 ऑगस्ट 1985 रोजी ओसाका-जो हॉलमध्ये झालेली लढत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. हरणारीचे केस उतरवले जातील, अशी तिची अट होती. एका बाजूला नागायो, तर दुसऱ्या बाजूला रंगवलेला चेहरा, साखळी आणि उघड अन्याय घेऊन येणाऱ्या खलनायिका डंप मात्सुमोतो. दोघींनी 1980 मध्येच पदार्पण केले होते. नागायो हरल्या, आणि रडणाऱ्या मुलींच्या देखत रिंगणातच त्यांचे केस कापले गेले. बार्थ यांच्या परिभाषेत हे अपमानाचे परिपूर्ण चिन्ह ठरेल. तथापि हे चिन्ह पेटीत भरून ठेवता येत नाही. नागायो सभागृहाबाहेर पडल्या त्या मुंडन झालेल्या मस्तकानेच. खलनायिकेचीही सुटका नव्हती. मात्सुमोतो यांना रिंगणाबाहेरही लोकांचा द्वेष सोसावा लागला, आणि भूमिका टिकवण्यासाठी त्यांनी तो ओढवूनही घेतला. 1986 मध्ये तशाच अटीच्या लढतीत त्या हरल्या आणि त्यांचेही केस गेले.

मराठी सौंदर्यविचारात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा वाद दीर्घकाळ चालला आहे. त्या भाषेत बोलायचे, तर बार्थ यांची कुस्ती अलौकिक आहे. तेथील दुःख आस्वाद्य होते, कारण ते कोणाचेच नसते. झेन्जोच्या प्रेक्षक मुली मात्र या अर्थाने आस्वाद घेत नव्हत्या. कापले जाणारे केस खरे आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांचे रडणे त्या ज्ञानातून आलेले होते. तरीही त्या रडण्याला आकार होता तो कथेचा: न्याय हुकला आहे, तो कधीतरी परत यावा, या अपेक्षेचा. येथे लौकिक आणि अलौकिक हे एकमेकांना छेद देत नाहीत, एकमेकांना पोसतात.

यावरून झेन्जोच्या मल्ल केवळ व्यवस्थेच्या बळी होत्या असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नागायो 1989 मध्ये निवृत्त झाल्या, पण परतल्या आणि त्यांनी 'गाएआ जपान' ही स्वतःची संस्था उभारली. वयाचा दंडक त्यांनी आपल्या कृतीने खोटा ठरवला. मात्र देहाने भरलेली किंमत त्यामुळे रद्द होत नाही. मात्सुमोतो यांच्या जीवनावर 2024 मध्ये नेटफ्लिक्सने मालिका सादर केली. तिच्यातील कुस्तीच्या प्रसंगांवर स्वतः नागायो यांची देखरेख होती, आणि त्यांची भूमिका करणाऱ्या एरिका काराता यांनी त्या प्रसंगासाठी आपले केस खरोखरच उतरवले. निव्वळ अभिनयाच्या क्षेत्रातही या चिन्हाला पर्यायी चिन्ह सापडू नये, ही गोष्ट बोलकी आहे. चिन्हमीमांसेने 'अर्थ कसा घडतो' या प्रश्नाबरोबरच 'तो कोणाच्या देहावर घडतो आणि प्रयोग संपल्यावर तेथे काय उरते' हाही प्रश्न विचारावयास हवा.