सांस्कृतिक प्रसरणाच्या संकल्पना आणि गझलेचा दख्खनमार्ग : एक चिकित्सा

सांस्कृतिक भूगोल ही मानवी भूगोलाची एक महत्त्वाची शाखा होय. माणूस भूमीवर केवळ राहत नाही, तर तिला आपल्या भाषेचा, श्रद्धेचा, शेतीचा व कलेचा आकार देतो, या जाणिवेतून ती उभी राहिली. कार्ल सॉवर या अमेरिकन भूगोलज्ञाने १९२५ साली भूदृश्यावर लिहिलेल्या निबंधात संस्कृती ही कर्ती, निसर्ग हे माध्यम आणि सांस्कृतिक भूदृश्य हे फलित, अशी मांडणी केली. पुढे १९५३ साली टॉर्स्टन हेगरस्ट्रँड या स्वीडिश अभ्यासकाने आपल्या देशातील शेतकऱ्यांनी नवी तंत्रे व सोयी कोणत्या क्रमाने स्वीकारल्या हे नकाशांवर दाखविले आणि प्रसरणाच्या अभ्यासाला शास्त्रीय शिस्त आणली. आज महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत उगमकेंद्र, प्रसरणमार्ग, अडथळा, सांस्कृतिक प्रदेश हे जे शब्द आढळतात, त्यांची मुळे साधारणपणे येथे आहेत.

प्रसरणाचे प्रकारही ठरून गेलेले आहेत. माणसे स्थलांतर करतात व आपली संस्कृती सोबत नेतात, ते स्थलांतरित प्रसरण. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गोष्ट जाते, ते संसर्गजन्य प्रसरण. दरबार, राजधानी किंवा महानगर येथून ती खालच्या पायऱ्यांवर उतरते, ते श्रेणीबद्ध प्रसरण. आणि वस्तू न येता तिची केवळ कल्पना येते व नव्या भूमीत तिला वेगळे रूप मिळते, ते प्रेरित प्रसरण. हा शेवटचा प्रकार क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली मांडला. चेरोकी जमातीतील सिक्वोया याला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी गोरे लोक कागदावर बोलणे उतरवतात, एवढे पाहून त्याने १८२१ च्या सुमारास स्वतःच्या भाषेसाठी अक्षरमाला तयार केली, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

वर्गात हे चार प्रकार चार चौकटींसारखे शिकविले जातात. व्याख्या, आकृती, एक बाण, एक उदाहरण. परीक्षेला ते सोयीचे आहे. परंतु एखादी खरी सांस्कृतिक वस्तू घेऊन तिचा माग काढू लागले की या चौकटी डळमळू लागतात. त्यासाठी गझलेइतके योग्य उदाहरण मराठी व उर्दू शिकविणाऱ्यांना क्वचितच सापडेल.

गझलेचे उगमकेंद्र कोणते? उत्तर तयार असते : अरबस्तान. कसीद्याच्या आरंभीचा प्रणयभाग स्वतंत्र होऊन गझल झाली, आणि हिजाजमधील उमर इब्न अबी रबीआ याच्यासारख्या कवींनी सातव्या-आठव्या शतकांत ती रूढ केली, हे खरे आहे. पण आज मराठी रसिक ज्या खुणेवरून गझल ओळखतो ती खूण म्हणजे रदीफ, म्हणजे काफियानंतर प्रत्येक शेराच्या शेवटी पुन्हा येणारा तोच शब्द वा शब्दसमूह. तो अरबी गझलेत नव्हता. रदीफ व मक्त्यातील तखल्लुस हे इराणने घातलेले अलंकार आहेत. म्हणजे वाटेतल्या मुक्कामानेच वस्तूचा गाभा ठरविला. मग उगमकेंद्र मक्का की शिराज? सॉवरच्या परंपरेतील 'उगम' या शब्दात एक गृहीत दडलेले असते की वस्तू एकदाच, एका जागी, पूर्ण जन्मते आणि मग फक्त फिरते. गझल मात्र प्रत्येक मुक्कामावर काही प्रमाणात पुन्हा जन्मलेली दिसते.

रदीफ फारसीतच का रुजली, याला व्याकरणाचाही आधार आहे. फारसी वाक्यात क्रियापद शेवटी येते; त्यामुळे तेच क्रियापद प्रत्येक शेराच्या अंती सहज बसते. उर्दू व मराठी यांची वाक्यरचनाही अशीच आहे. अरबीची नाही, इंग्रजीचीही नाही. आगा शाहिद अली यांनी इंग्रजी गझलेत रदीफ-काफियाची शिस्त आणण्यासाठी जे परिश्रम घेतले, त्यांमागची अडचण काही अंशी हीच होय. अंतर, रस्ते, डोंगर हे अडथळे पाठ्यपुस्तक मोजते. वाक्यरचना नावाचा उतार किंवा चढ मात्र त्याच्या नकाशावर नसतो.

आता दख्खनकडे यावे. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी केली आणि दिल्लीची माणसे दक्षिणेत आणली. अमीर खुस्रोचा मित्र व निजामुद्दीन औलियांचा शिष्य, फारसी गझलकार अमीर हसन सिज्जी याच काळात येथे आला. त्याची कबर खुलदाबादला आहे. हे स्थलांतरित प्रसरण झाले, यात शंका नाही. पण त्याचे कारण होते सुलतानाचा हुकूम, म्हणजे तेच श्रेणीबद्धही झाले. एकच घटना दोन चौकटींत बसते, तेव्हा दोष घटनेचा नसतो.

१३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि दिल्लीशी राजकीय संबंध तुटला. आलेल्या लोकांची बोली मराठी, तेलुगू व कन्नड यांच्या शेजारात वाढत दख्खनी झाली. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुत्बशाह, ज्याने १५९१ मध्ये हैदराबाद वसविले, याचा दख्खनीतील काव्यसंग्रह उर्दूच्या इतिहासात अग्रमान्य आहे. दिल्लीत त्या वेळी काव्याची प्रतिष्ठित भाषा फारसी होती. मग औरंगाबादशी (आजचे छत्रपती संभाजीनगर) नाते सांगणारा वली दख्खनी आला. १७०० साली तो दिल्लीला गेला, आणि १७२० च्या सुमारास त्याचा दिवाण तेथे पोहोचला तेव्हा दिल्लीच्या कवींना कळले की फारसीत जे म्हणता येते ते या भाषेतही म्हणता येते. उत्तरेतील उर्दू गझलेची परंपरा त्यानंतर बहरली.

येथे बाण उलटा फिरतो. 'इराण, मग दिल्ली, मग दक्षिण' अशी जी सरळ रेषा अनेक आकृत्यांत काढली जाते, तिच्यात दख्खन नेहमी शेवटचे, घेणारे स्थानक असते. ही केवळ आकृतीची चूक नाही. बेळगाव, हैदराबाद किंवा मराठवाड्यातील महाविद्यालयांत बसणारा दख्खनीभाषक विद्यार्थी घरच्या बोलीला 'बिघडलेली उर्दू' म्हणू लागतो, तो याच आकृतीमुळे. केंद्र ठरले की परीघ ठरतो. परीघ ठरला की त्याचे वेगळेपण ही अशुद्धता ठरते. जेम्स ब्लॉट यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात प्रसरणवादावर हाच आक्षेप घेतला : काही प्रदेश कायमचे नवनिर्माते व उरलेले कायमचे अनुकरणकर्ते, असे गृहीत धरूनच हा सिद्धान्त चालतो. त्यांचा रोख युरोपकेंद्री इतिहासावर होता. दिल्लीकेंद्री साहित्येतिहासालाही तो तितकाच लागू पडतो, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

मराठीच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. संसर्गाचे तत्त्व खरे मानले तर गझल चौदाव्या-पंधराव्या शतकातच मराठीत यायला हवी होती. शेजार इतका निकटचा होता. शब्द आलेही. अर्ज, हुकूम, जमीन, कागद, दस्तऐवज हे मराठीत असे मुरले की शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने संस्कृत पर्याय दिले तरी ते हलले नाहीत. पण गझलेचा काव्यबंध आला नाही. उलट मुसलमान कवीच मराठी बंधाकडे गेले : श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीत लिहिला. अठराव्या शतकात औरंगाबादेत सिराज औरंगाबादी गझला लिहीत होता आणि त्याच नगराशी संबंधित अमृतराय मराठीत रचना करीत होता. अमृतरायाच्या एका रचनेला अभ्यासक मराठीतील पहिली गझल मानतात. पण तिच्यामागे परंपरा उभी राहिली नाही. कचेरीची भाषा आली, कारण तिच्याशिवाय वतन टिकत नव्हते. काव्यबंध आला नाही, कारण ओवी, अभंग व लावणी यांनी ती जागा व्यापली होती. घेणाऱ्याची गरज ही गोष्ट 'संसर्ग' या रोगवाचक शब्दात मावत नाही. रोगी रोगाची निवड करीत नाही, समाज करतो.

गझल अखेर मराठीत स्थिरावू लागली ती विसाव्या शतकात, आणि तीही ग्रंथांच्या वाटेने. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४ साली वडोदऱ्यास जन्मले, पुण्यात फारसीचे अध्यापन केले आणि १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. त्यांचा 'गज्जलांजलि' १९३३ चा. येथे नकाशाचा भ्रम लक्षात घ्यावा : मराठवाड्यातील खुलदाबाद, औरंगाबाद ही स्थळे वगळून, पुण्यातील एका फारसीच्या प्राध्यापकाच्या टेबलावरून गझल मराठीत उतरली. 'गज्जल' हे त्यांचे रूपच सांगते की वस्तू मराठी उच्चाराच्या साच्यातून काढलेली आहे. त्यांनी वृत्ते व यमकांची रचना घेतली. पण प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असावा ही अट त्यांच्या रचनांत सैल राहिली. त्यांच्या अनेक गज्जला म्हणजे एकाच भावनेची सलग कविता होय. क्रोबरचे प्रेरित प्रसरण येथे जुळते खरे, परंतु उलट्या अर्थाने. सिक्वोयाला मूळ भाषा येत नव्हती म्हणून त्याने नवे रचले. पटवर्धनांना ती उत्तम येत होती, तरीही वेगळे घडले. त्यामुळे मूळ ठाऊक नसल्याने रूप बदलते, हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

वृत्तांचा मुद्दा आणखी सावध करणारा आहे. फारसीतील मुतकारिब बहर, फऊलुन चार वेळा, आणि आपले भुजंगप्रयात, 'लगागा' चार वेळा, यांचा लगक्रम एकच आहे. शाहनामा याच बहरीच्या किंचित तोडलेल्या रूपात आहे आणि रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात. ज्याला प्रसरणाचा ध्यास लागला आहे तो येथे लगेच बाण काढील. पण भुजंगप्रयात संस्कृत छंदःशास्त्रात फार आधीपासून आहे. साम्य दिसले म्हणजे देवाणघेवाण सिद्ध झाली असे नव्हे. दोन परंपरांनी लघु-गुरूंच्या हिशेबातून स्वतंत्रपणे तोच क्रम गाठणे शक्य असते. हा नियम विद्यार्थ्यांना सांगितला जातो, पण असे घरचे उदाहरण दिले जात नाही.

अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी गझल मराठीची केली. 'रंग माझा वेगळा' १९७४ चा, 'एल्गार' १९८३ चा. शेराची स्वयंपूर्णता त्यांनी आग्रहाने प्रस्थापित केली. 'गझलेची बाराखडी' लिहून मतला, काफिया, रदीफ, अलामत यांचे नियम नव्या कवींसमोर ठेवले. वऱ्हाड हा एके काळचा इमादशाही व नंतर निजामी मुलूख, उर्दू तेथे बाजारात ऐकू येणारी भाषा; ही पार्श्वभूमी नाकारता येत नाही. मात्र केवळ तिने काही झाले नसते. उर्दूत शब्दान्तीचा दीर्घ स्वर छंदासाठी ऱ्हस्व धरता येतो. मराठीचे लघु-गुरू लेखनाशी बांधलेले आहेत, तेथे ही सवलत नाही. ऐन व अलिफ यांचा जो भेद उर्दू लेखनात टिकून आहे, तो मराठी कानाला नाहीच. असे एकेक सांधे बसवावे लागले. प्रसरणाच्या कोणत्याही प्रकारात या कारागिराला स्थान नाही. तेथे फक्त लाटा असतात.

आणि सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१)? मराठी गझलेतील हे एक आघाडीचे नाव. 'जखमा अशा सुगंधी' वाचणाऱ्याला ते देणाऱ्या संस्कृतीचे प्रतिनिधी म्हणायचे की घेणाऱ्या, असा प्रश्न पडत नाही. तो पडतो तो फक्त पाठ्यपुस्तकातील तक्ता भरताना, कारण तेथे देणारा आणि घेणारा असे दोनच रकाने असतात आणि मराठी मुसलमान कवीचे नाव दोन्हींत लिहावे लागते.