शेजारी कोणाला म्हणायचं?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे पत्र जगाला उद्देशून लिहिलं. धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हा त्याचा गाभा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ही गोष्ट कितीतरी आधी, हरित वसई संरक्षण समितीतून, करून दाखवली होती. पाणी उपसणारे टँकर आणि जमीन गिळणारे बिल्डर यांच्याविरुद्ध ते उभे राहिले. हे त्यांचं मोठेपण आहेच.

तरीही एक टीका करायला हवी. वसईकर आपली विहीर, आपली वाडी वाचवत होते. त्यात गैर काही नाही. पण स्वतःचं अंगण राखलं की न्याय पुरा होतो का? चांगल्या शोमरोनीची गोष्ट आठवा. जखमी माणसासाठी थांबला तो परका होता. इथे तारापूरला कारखान्यांचं सांडपाणी खाडीत, समुद्रात गेलं आणि मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादाकडे जावं लागलं. वसई आणि तारापूर, दोन्ही आज पालघर जिल्ह्यातच आहेत ना? मग या मच्छीमारांचं रिकामं जाळं रविवारच्या प्रवचनात यायला हवं. श्रद्धेची खरी परीक्षा आपल्या वाडीच्या कुंपणापलीकडे सुरू होते.