उघडे अंग, झाकलेला कॅमेरा

ऑटो डिक्स या जर्मन चित्रकाराने १९२५ मध्ये आनिटा बेर्बर या नर्तकीचे चित्र रंगविले. बाई बर्लिनच्या रंगमंचावर विवस्त्र नाचण्याबद्दल प्रसिद्ध. पण चित्रात तिच्या अंगावर गळ्यापासून मनगटापर्यंत तांबडाभडक झगा आहे. वयाने नुकती पंचविशी गाठलेली, आणि चेहरा मात्र पन्नाशीचा! तिकीट काढून पाहणाऱ्या डोळ्यांनी तिचे काय करून टाकले, हे डिक्सने वस्त्र फेडून नव्हे, चढवून दाखविले. तीन वर्षांनी ती वारलीही.

हे चित्र डोळ्यांपुढे असल्याखेरीज आजच्या बर्लिनमधील नर्तनगृहांविषयी बोलू नये, असे मला वाटते. १९९४ साली निघालेले ‘किट-कॅट’ घ्या, किंवा जुन्या वीजघरात २००४ पासून चालू असलेले ‘बेर्गहाइन’ घ्या. तेथे काही मंडळी जवळजवळ निर्वस्त्र नाचतात, हे ऐकून आपल्याकडे भुवया उंचावतील. पण येथे बघे आणि नाचणारे असे दोन तट नाहीत. सुटलेले पोट, शस्त्रक्रियेचा व्रण, उतारवयाची सैल कातडी, सारे एकाच तालात हलते. आणि आत शिरताना प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक चिकटपट्टी लावली जाते. या संस्कृतीतील सर्वांत बोलकी वस्तू मला तीच वाटते. उघड्या माणसाला समोरच्या डोळ्यांचे भय थोडे. भय असते ते उद्या, भलतीकडे, भलत्याच माणसाने पाहण्याचे.

जर्मनांना हे नवे नाही. त्यांच्या नग्नसंस्कृतीच्या संघांवर १९३३ मध्ये नाझींनी बंदी घातली होती. पुढे पूर्व जर्मनीत तर बाल्टिकच्या किनाऱ्यावर कुटुंबेच्या कुटुंबे तशी पोहत. आपल्याकडेही र. धों. करव्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि नग्नतेची बाजू निर्भीडपणे मांडली. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही एक म्हणावेसे वाटते: मुखपृष्ठावर झळकत ती बहुधा तरुण, सुडौल स्त्रीचीच चित्रे. लेख म्हणे शरीराची लाज नको. चित्र म्हणे, असे शरीर असेल तर नको. बर्लिनचे नर्तनगृह या बाबतीत करव्यांच्या पुढे गेले आहे.

मात्र दारापर्यंतच! कारण दारावर माणूस उभा असतो, आणि कोणाला आत घ्यायचे व कोणाला परतवायचे हे तो एका नजरेत ठरवितो. कारण सांगण्यास तो बांधलेला नाही. ‘किट-कॅट’मध्ये साध्या शर्ट-पँटीत गेलात तर बहुधा परत यावे लागेल, चामडे, जाळी, चकचकीत रबर असे काही हवे. नागवेपणालाही गणवेश लागला! आत कोणी कोणाला न्याहाळीत नाही म्हणतात. त्यासाठी आधी बाहेर तासन्‌तास रांगेत उभे राहून स्वतःला न्याहाळून घ्यावे लागते.