डोके उंच की सपाट? एका मोठ्या प्रयोगाचे परीक्षण

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या खाटेची डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उचलून ठेवतात. हा रिवाज जुना आहे आणि त्यामागचा तर्क शालेय भौतिकीतला. कवटी ही न ताणणारी पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव दाटीने बसलेले असतात. त्यात सांडलेल्या रक्ताची भर पडली की दाब वाढतो. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये व जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये या विचाराचा पाया घातला. डोके उचलले, की मानेतल्या शिरांमधून रक्त सहज खाली उतरते आणि कवटीतला दाब घटतो. मात्र मान सरळ हवी. ती वळली तर शिरा दबतात.

पण हेच गुरुत्वाकर्षण वर चढणाऱ्या रक्तालाही अडवते. रक्ताचा १३ सेंमी उंचीचा स्तंभ म्हणजे सुमारे १० मिमी पाऱ्याचा दाब. मेंदूला रक्त पुरवणारा दाब म्हणजे धमनीतला दाब वजा कवटीतला दाब. डोके उचलल्यावर दोन्ही संख्या घटतात. मग वजाबाकी वाढेल की कमी होईल? १९८६ मध्ये रोझनर व कोली यांना ती कमी झालेली आढळली. १९९२ मध्ये फेल्डमन व सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेले २२ रुग्ण तपासले. त्यांच्या कवटीतला सरासरी दाब १९.७ वरून १४.१ मिमीवर आला, पण रक्तपुरवठा घटला नाही.

या वादानंतर २०१७ मध्ये ‘हेडपोस्ट’ या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह नऊ देशांतले ११,०९३ पक्षाघाताचे रुग्ण त्यात होते. काहींना २४ तास सपाट झोपवले, तर काहींचे डोके किमान ३० अंश उंच ठेवले. ९० दिवसांत पहिल्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्यात ७.४ टक्के रुग्ण दगावले. अपंगत्वातही फरक नव्हता. औषध नाही, यंत्र नाही, अशा साध्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या संशोधकांचे आम्हाला कौतुक वाटते.

आमचा आक्षेप प्रयोगाला नाही. ‘डोके कसेही ठेवा, काही बिघडत नाही’ असा जो अर्थ त्यातून काढला जातो, त्याला आहे. कवटीतला दाब या प्रयोगात मोजलेलाच नव्हता. रक्तस्रावाचे रुग्ण होते जेमतेम ८ टक्के. बहुतेकांना गुठळीमुळे पक्षाघात झाला होता. पुष्कळांचा आजार सौम्य होता. निम्म्या रुग्णांच्या बाबतीत तर ठरलेली स्थिती सुरू होईपर्यंत १४ तास उलटून गेले होते. ज्यांना विशिष्ट स्थितीची स्पष्ट गरज होती, त्यांना आधीच वगळले होते. रक्तस्रावाच्या गटातही फरक दिसला नाही, हे मान्य. पण ज्याच्या कवटीतला दाब धोक्याच्या पातळीवर आहे, अशा रुग्णाविषयी हा प्रयोग फारसे बोलत नाही. सर्वांना सरसकट एकच स्थिती देऊन लाभ होत नाही, एवढेच तो सांगतो.

वर्गात हा प्रयोग जरूर घ्यावा. काय मोजले, कोणावर आणि केव्हा, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावेत. आणि घरातल्या रुग्णाची उशी किती उंच ठेवायची, हे मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे, हेही सांगावे.