मराठी कथात्म साहित्याचा लेखक : प्रतिभा आणि उपजीविका

मराठी समीक्षेत 'लेखक कसा घडतो' या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने संस्कार, अनुभव, वाचन आणि प्रतिभा या चार शब्दांभोवती फिरत आलेली आहे. लेखकाची उपजीविका हा विषय चरित्रकाराकडे सोपविला जातो आणि चरित्रकारही तो एखाद्या परिच्छेदात आटोपतो. वस्तुतः कादंबरीइतका दीर्घकाळ सलग बैठक मागणारा दुसरा वाङ्मयप्रकार क्वचितच असेल. बैठकीला मोकळा वेळ लागतो आणि त्या वेळात घर कोणीतरी चालवावे लागते. मराठी कथा-कादंबरीची लांबी, तिचे विषय, तिच्यातील घाई किंवा संथपणा यांवर या व्यवहाराचा ठसा स्पष्टपणे उमटलेला आहे. तो दृष्टिआड केल्यामुळे काही लेखकांवर समीक्षेने अन्याय केला आहे, असे म्हणावे लागते.

प्रथम साधा हिशेब पाहणे आवश्यक आहे. मराठी पुस्तकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हे दीर्घकाळ रूढ असलेले प्रमाण आहे. समजा, ३०० रुपये किमतीच्या कादंबरीच्या १००० प्रती छापल्या, त्या सर्व विकल्या गेल्या आणि लेखकाला १० टक्के मानधन ठरल्याप्रमाणे मिळाले, तर ती रक्कम ३०,००० रुपये होते. कादंबरीच्या लेखनास तीन वर्षे लागली असल्यास महिन्याला साडेआठशे रुपयेही पदरात पडत नाहीत. यात सर्व प्रती लगेच विकल्या जातील हे गृहीत धरले आहे, आणि ते गृहीतक अनुभवास सहसा उतरत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देताना मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. परंतु पहिले पुस्तक छापून घेण्यास उत्सुक असलेला नवा लेखक करारापेक्षा मुखपृष्ठाकडेच अधिक पाहतो.

ही स्थिती अलीकडची नाही. मराठी कादंबरीचे प्रवर्तक मानले गेलेले हरि नारायण आपटे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या चुलत्यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या पुण्यातील आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. या स्थिर आधारावर त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. अंक दर आठवड्याला निघणार, म्हणून प्रकरणही वेळेवर तयार व्हावयास हवे. आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतील पाल्हाळ, वाचकाशी मध्येच होणारा संवाद, घरगुती प्रसंगांचा सावकाश विस्तार हे सारे या साप्ताहिक लयीतून आलेले आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, यामागेही तीच लय असावी. समीक्षकांनी पाल्हाळाला दोष म्हटले. त्याच पाल्हाळामुळे 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूच्या दुःखाला दिवसामागून दिवस साचत जाण्याचा अवकाश मिळाला, हे मात्र पुरेसे नोंदविले गेले नाही.

कथेच्या बाबतीत दिवाळी अंकाने जे केले, ते कादंबरीच्या बाबतीत साप्ताहिकाने केले होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथाकाराला वर्षातून एकदा हमखास मागणी असलेली बाजारपेठ मिळाली. नोकरी सांभाळून पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत पुरी होईल अशी, ठरावीक पृष्ठांत बसणारी कथा हा मराठीतील सर्वांत सोयीचा गद्यप्रकार ठरला. मराठीत कथाकार उदंड आणि दीर्घ पल्ल्याचे कादंबरीकार मोजके, याचे एक कारण येथे सापडते. या बाजारपेठेत धोकेही होतेच. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली; तिच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरले. एका कथेसाठी सात वर्षे!

लेखिकेच्या वाट्याला आलेले वास्तव याहून बिकट होते. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहावर विभावरी शिरूरकर हे नाव होते; त्यामागील बाळूताई खरे या स्त्रीशिक्षणसंस्थेत अध्यापन करीत होत्या. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील कोंडी हा त्या कथांचा विषय. म्हणजे ज्या नोकरीने हा अनुभव दिला, त्याच नोकरीमुळे तो स्वतःच्या नावाने सांगणे अशक्य झाले. टोपणनावाकडे आजवर वाङ्मयीन कुतूहलाचा विषय म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात ते पगाराचे आणि प्रतिष्ठेचे संरक्षण होते. पुढे सोलापूर येथे, इंग्रजी राजवटीने 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली आणि त्या अनुभवातून 'बळी' (१९५०) ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआडचे ते जीवन मध्यमवर्गीय लेखिकेला एरवी दिसण्याची शक्यता फारच कमी होती. येथे नोकरीने लेखनाला नुसता वेळ दिला नाही, तर विषयही दिला.

स्वातंत्र्योत्तर काळात हा आधार मुख्यतः महाविद्यालयांनी पुरविला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले. सभासंमेलनांपासून दूर राहूनही त्यांची चूल अडली नाही. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' (१९६३) गावी परतल्यावर थोड्याच आठवड्यांत लिहून काढली, तर 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत (१९७५-७९) पसरलेले चांगदेव पाटील या प्राध्यापकाचे चतुष्टय अध्यापनाच्या काळातले आहे. दोहोंच्या पोतातील फरक केवळ वयाचा नाही. 'कोसला'त बेफिकीर तुटकपणा आहे. चतुष्टयात स्टाफरूम, संस्थाचालक, जाती आणि बदलत्या गावांचे तपशील साठत जातात. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' या निबंधात नेमाड्यांनी प्रतिष्ठेमागे धावणाऱ्या लेखकाची जी चिकित्सा केली, ती मर्मभेदक आहे. तथापि लेखकराव न होण्याचे स्वातंत्र्य दरमहा पगार मिळणाऱ्यास जितके सहज उपलब्ध असते, तितके ते हस्तलिखित विकून किराणा भरणाऱ्यास नसते, ही बाजू त्या चर्चेत दुय्यम राहते.

ही बाजू कोणाला भोगावी लागली, हे अण्णाभाऊ साठे आणि उद्धव शेळके यांच्याकडे पाहिल्यास कळते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या, मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिलेल्या अण्णाभाऊंच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरीही १९६९ मध्ये, पन्नाशीच्या आत, विपन्नावस्थेतच त्यांचे निधन झाले. तिसांहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतील नाट्यमयता आणि वेगवान कथानक यांना 'रंजकता' म्हणून बाजूला सारताना, हा लेखक ज्या वाचकाच्या चार आण्यांवर जगत होता तो वाचक कोण, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला. तमाशाच्या फडापुढे बसणारा, पोवाडा ऐकून पेटणारा तो वाचक होता आणि त्याला धरून ठेवणे ही अण्णाभाऊंची कलादृष्टीही होती, गरजही होती.

शेळके यांच्या बाबतीत हा ताण अधिक उघड दिसतो. 'धग' (१९६०) मधील शिंपी कुटुंबातील कौतिक ही संसार उभा ठेवण्यासाठी आयुष्यभर राबते. नवरा महादेव आधी कुचकामी आणि मग रोगाने ग्रासलेला. वऱ्हाडी बोलीच्या कसदार वापरामुळे आणि कोठेही गहिवर न आणणाऱ्या निवेदनामुळे ही कादंबरी मराठीतील मोजक्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. त्यानंतर शेळके यांनी वाचनालयांच्या गिऱ्हाइकासाठी लोकप्रिय कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. 'धग'चा लेखक वाया गेला, अशी हळहळ त्यावर व्यक्त होते. ही हळहळ प्रामाणिक असली तरी अपुरी आहे. पोटासाठी स्वतःचे कसब झिजवणे हाच 'धग'चा विषय होता. लेखकाने पुढे तो जगून दाखविला. त्या लोकप्रिय कादंबऱ्यांपैकी किती निव्वळ मागणीच्या आणि कितींत अधूनमधून कौतिकचा आवाज ऐकू येतो, हे त्या वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यासाठी प्रबंधलेखकांना विद्यापीठीय ग्रंथालयापेक्षा तालुक्याच्या गावातील जुन्या वाचनालयाच्या मागच्या कपाटांपर्यंत जावे लागेल. बांधणी सुटलेल्या त्या प्रती अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत.