पेरिप्लसची साक्ष आणि सरकलेला किनारा

जामखेडसारख्या बालाघाटाच्या मुलखांत बसून समुद्रकिनाऱ्याची चर्चा करणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु येथून पूर्व-आग्नेयेस साठेक मैलांवरील तेर हेंच प्राचीन तगर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. आणि तगराच्या समुद्रमार्गीं व्यापाराची मुख्य साक्ष म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ. त्या साक्षीचें मोल किती, एवढाच येथें प्रश्न आहे.

संग्राहकांनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या ग्रंथाची सारी भिस्त हायडेलबर्ग येथील दहाव्या शतकांतील एकाच हस्तलिखितावर आहे. मूळ आणि प्रत यांत नऊ शतकांचें अंतर असल्यामुळें त्यांतील शब्द भूमीवर ताडून पाहिल्यावांचून प्रमाण मानतां येत नाहीं.

ग्रंथकार तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगतो. तेर वस्तुतः आग्नेयेस, सुमारे ९५ मैलांवर आहे. दिशा चुकली, पण भरल्या गाड्यांच्या मजला धरल्यास अंतर जुळतें. किनाऱ्याविषयीं तो सोपारा, कल्याण व चौल हीं बंदरें नोंदतो. आज सोपारा समुद्रापासून आंत पडलें आहे. खाड्या गाळानें भरल्या. तेथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं स्तूप उकरला व अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा उजेडांत आणिला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं मिळाला. अर्थात् आजच्या किनाऱ्यावरून प्राचीन बंदराचा विस्तार मोजणें चुकीचें ठरेल.

तथापि बंदरांच्या ऱ्हासाचा सारा दोष गाळावर घालणें आम्हांस मान्य नाहीं. कल्याण परसत्तेखालीं गेल्यावर तेथें चुकून येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात, असें हाच ग्रंथकार सांगतो. तेथें समुद्र हटला नव्हता; धनी बदलला होता. हीं दोन कारणें पृथक् केल्याविना या किनाऱ्याचा इतिहास लिहिला जाणार नाहीं.

गाळाचा काल ठरविण्यास उत्खननाबरोबर दप्तरेंही उपयोगी पडतील. खाजणें, बांध व तरी यांचे जुने कागद रुक्ष म्हणून टाकून देऊं नयेत, एवढी आमची विनंती आहे. जो कागद आज केवळ एका शेताची शीव सांगतो, तोच उद्यां एका बंदराची सीमा सांगेल.